तक्रार आणि तकरार

बडोद्यासारख्या गावी चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबाची जीभ दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसलेली असते. भाजी घेताना आम्ही गुजराती असतो, श्राद्धपक्षात मराठी असतो आणि भांडणाच्या वेळी कोणते असतो, ते आमचे आम्हांलाही सांगता येत नाही. बहुतेक शब्द या उंबरठ्यावरून सुखाने ये-जा करतात. काही मात्र पलीकडे पाऊल टाकताच अर्थ बदलतात. असाच एक शब्द आम्हांला मध्यंतरी बराच जड गेला. मराठीत आपण ज्याला ‘तक्रार’ म्हणतो, तीत भांडण अभिप्रेत नसते. दूध पातळ आले, टपाल उशिरा आले, एवढे शांतपणे सांगितले तरी ती तक्रारच. गुजरातीत याला ‘फरियाद’ म्हणतात, आणि ‘तकरार’ म्हणजे सरळ कलह. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ ‘पुनरावृत्ती’, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे असा आहे. हे तीनही अर्थ एका गीझरच्या निमित्ताने वर्षभरात आमच्या अनुभवास आले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील म्हणून येथे सांगत आहोत.

आमचे घर दांडिया बाजाराच्या अंगाचे, जुन्या बांधणीचे आहे. माडीवर न्हाणीघर, आणि त्याच्या बरोबर खाली आमच्या वडिलांची, अप्पांची, खोली. अप्पा शाळेत गायन शिकवीत. मौलाबक्ष यांनी १८८६ साली ज्या गावात गायनशाळा काढली आणि १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने जेथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, त्या गावात गायनमास्तर असणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे, असे ते आयुष्यभर मानीत आले. त्यांच्या पश्चात त्या खोलीत त्यांची पेटी, एक लाकडी कपाट आणि कपाटात बंदिशींच्या अकरा वह्या राहिल्या होत्या. शाईच्या टाकाने लिहिलेल्या, प्रत्येक मात्रेखाली ताल-खुणा केलेल्या.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून पंचवीस लिटरांचा गीझर घेतला. किंमत ६,८०० रुपये, पक्के बिल घेतलेले. या दुकानाचा आमच्याशी तीस वर्षांचा घरोबा. शेठजींनी बिलाच्या कडेला स्वतःच्या हाताने लिहून दिले, ‘टाकी ५ वर्षे, जबाबदारी आमची’. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. खोक्यावर आयएसआयचे चिन्ह आहे, हे आमच्या कन्येने दुकानातच पाहून घेतले होते.

जानेवारी २०२४ मध्ये, ऐन थंडीच्या एका पहाटे, आईला खालच्या खोलीत थेंबांचा आवाज ऐकू आला. गीझरच्या आतील टाकीचा सांधा रात्रीतून उसवला होता. साठवणुकीच्या गीझरमध्ये जेवढे पाणी बाहेर पडते तेवढे वरच्या टाकीतून आपोआप आत येत राहते, हा त्याचा धर्मच. तेव्हा पंचवीस लिटरांवर गोष्ट थांबली नाही. गच्चीवरची हजार लिटरांची टाकी रात्रभरात आमच्या माडीच्या फळ्यांमधून खाली उतरली. चुन्याचे छत फुगून पडले, वायरिंग भिजले, पेटीच्या भात्याचे कातडे सुटले, कपाटाच्या फळ्या फुगून दार अडकले. कसेबसे ते उघडले, तेव्हा खालच्या कप्प्यातील चार वह्यांची पाने निळ्या पाण्यात तरंगत होती.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर उभे राहिले. आमच्या सौ.नी कोणालाही फडके हातात घेऊ दिले नाही. “अहो, आधी छायाचित्रे काढा, मग पुसा,” असे त्या म्हणाल्या. कन्येने मोबाइलवर टाकी, छत, पेटी, कपाट, प्रत्येक वही अशी वेगवेगळी छायाचित्रे काढली, एक चलत्चित्र घेतले, आणि मगच घर कोरडे करण्यास आरंभ झाला. भिजलेल्या वह्या उन्हात टाकू नयेत. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा टीपकागद घालून आणि तो वारंवार बदलून वाळवाव्यात, आणि हे दोन दिवसांच्या आत करावे, नाहीतर बुरशी धरते. याप्रमाणे सात वह्या बचावल्या. उरलेल्या चारांतील कागद वाळला, पण शाई उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मेकॅनिक आला. त्याने आमच्यासमोर वरचे पत्र्याचे आवरण उघडले. अशा टाक्या पोलादाच्या असतात. आतून त्यांना काचेसारखा लेप दिलेला असतो आणि मध्ये मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. गंज टाकीला न लागता आधी त्या कांडीला लागावा, अशी ती योजना. आमच्या गीझरमध्ये कांडीची जागा होती, कांडी नव्हती. सांध्याजवळ लेपही पोहोचलेला नव्हता. मेकॅनिक सरळ मनाचा मनुष्य. त्याने दुकानाच्या छापील चिठ्ठीवर लिहिले : ‘टाकीचा सांधा गंजून फुटला. कांडी नाही. माल खराब.’ ती चिठ्ठी आणि बिल घेऊन आम्ही दुकानात गेलो, आणि म्हणालो, “शेठ, आम्हांला एक तक्रार करायची आहे.”

शेठजींचा चेहरा उतरला. “भाऊ, तकरार शा माटे करो छो?” ते म्हणाले. “आपले तीस वर्षांचे संबंध. नवा गीझर आजच बसवून देतो, एक रुपया नको.” आम्ही सांगितले की प्रश्न गीझरचा नाही, घराचा आहे. छत, वायरिंग, पेटी, कपाट. त्यावर त्यांनी हात जोडले. “माल कंपनीनो छे, अमे तो वेचनारा. कंपनी टाकी बदलून देईल. घर कोण बदलून देणार?”

हे उत्तर त्यांनी लबाडीने दिले असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही. देशातील बहुतेक दुकानदार प्रामाणिकपणे असेच समजतात, आणि बहुतेक गिऱ्हाइके ते ऐकून परत फिरतात. वस्तू बिघडली तर वस्तू बदलून मिळते. वस्तूने जे बिघडवले ते ज्याचे त्याच्या नशिबी, अशी ही जुनी वाटणी आहे. चिं. वि. जोशी आमच्याच गावच्या महाविद्यालयात पाली शिकवीत असत. त्यांच्या चिमणरावाच्या वाट्याला हा गीझर आला असता, तर त्याने भिजत भिजत शेठजींचेच सांत्वन केले असते.

घरात दोन तट पडले. आमचे नानाकाका ब्याऐंशी वर्षांचे. ते म्हणाले, “अरे, तुझ्या पणजोबांपासून आपण या लोकांत राहतो. दुकानदाराला कोर्टात खेचलेस, तर उद्या गल्लीत कोण बोलेल तुझ्याशी? पाण्याने गेले, ते गेले म्हण.” सौ.चे म्हणणे निराळे होते. “संबंध एवढे नाजूक असतील, तर ते आजवर टिकले कसे?” एवढेच त्यांनी विचारले. आई काहीच बोलली नाही. ती वह्यांमधला टीपकागद बदलत बसली होती. आम्हांला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि न्याय मागणाऱ्याची ही फार अवघड अवस्था असते. परगावी रुजलेल्या माणसाला जरा अधिकच. चार पिढ्या झाल्या तरी आपण येथे चांगले वागून राहिले पाहिजे, ही जाणीव आमच्या रक्तात आहे, आणि चांगले वागणे म्हणजे गप्प बसणे, असा तिचा सोयीचा अर्थ आम्ही पिढ्यान् पिढ्या लावीत आलो आहोत.

शेवटी असे ठरले की, भांडायचे नाही, पण आपला हक्क काय आहे तो तरी समजून घ्यावा. म्हणून आम्ही वाचनास बसलो.

जुना कायदा गिऱ्हाइकालाच डोळे उघडे ठेवायला सांगे. माल घेणाऱ्याने सावध असावे, हे त्याचे मुख्य सूत्र. आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याने त्याला काही अपवाद जोडले होते, परंतु तो सगळा व्यवहार विकणारा आणि विकत घेणारा या दोघांमधील कराराचा. करारात नसलेल्या तिसऱ्याला त्यात जागा नव्हती. ही भिंत फुटली ती एका गोगलगायीमुळे. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेझली गावी डॉनॉह्यू नावाची एक गरीब बाई मैत्रिणीबरोबर उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आल्याच्या पेयाची बाटली मागवली. बाटली अपारदर्शक होती. अर्धी संपल्यावर उरलेले पेय ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे त्या बाईचे म्हणणे, आणि पुढे ती आजारी पडली. आता पैसे दिले मैत्रिणीने. म्हणजे बाईचा उपाहारगृहाशी करार नाही. तेव्हा तिने थेट पेय बनविणाऱ्यावर दावा लावला. १९३२ च्या मे महिन्यात लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला की, बनविणाऱ्याची जबाबदारी कराराच्या पलीकडे, वस्तू वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते. गोगलगाय बाटलीत खरोखर होती की नाही, हे न्यायालयात कधी सिद्ध झालेच नाही. पण न्यायमूर्ती ॲटकिन यांनी त्या निकालात शेजारी कोणाला म्हणावे, याचे विवेचन केले. आपल्या हयगयीची झळ ज्याला पोहोचेल हे आपल्याला आधी कळायला हवे होते, तो आपला शेजारी, असा त्याचा आशय. शेजारधर्म या शब्दाला आपण फार तर वाटीभर साखरेपुरते ठेवले होते. तिकडे तो कायद्याचा पाया झाला.

आपल्याकडे ही जाण रुजवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि आमच्या गुजरातेत १९७८ मध्ये मनुभाई शहा यांनी अहमदाबादेस ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र स्थापिले. या सर्वांच्या धडपडीनंतर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो २४ डिसेंबर हा दिवस आता राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. परंतु वस्तूमुळे झालेल्या इतर हानीची जबाबदारी एका स्वतंत्र प्रकरणात मांडली गेली ती २०१९ च्या नव्या कायद्यात, जो जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याच्या व्याख्येत ‘हानी’ म्हणजे सदोष वस्तूखेरीज इतर मालमत्तेचे झालेले नुकसान, शारीरिक इजा, आणि त्यांच्याबरोबर येणारा मनस्तापसुद्धा. गीझरची किंमत सदोष मालाच्या साध्या तरतुदीखाली मागायची, आणि छताची, पेटीची भरपाई या प्रकरणाखाली.

आता शेठजींचा मुद्दा : विकणाऱ्याचा काय दोष? कायदाही सरसकट विकणाऱ्याला धरत नाही. पण कलम ८६ मध्ये काही प्रसंग सांगितले आहेत, ज्यांत तो सुटत नाही. त्याने मालात फेरफार केला असेल, जोडणी किंवा देखभाल करताना योग्य ती काळजी घेतली नसेल, धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवली नसेल, उत्पादकाच्या हमीहून वेगळी स्वतःची हमी दिली असेल, किंवा ती वस्तू बनविणारा कोण हेच कळत नसेल, अथवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचू शकत नसेल, तर विकणारा जबाबदार धरला जातो. हे शेवटचे वाक्य आम्ही तीनदा वाचले. खोक्यावर उत्पादकाच्या जागी फक्त एक इंग्रजी नाव आणि शहर छापलेले होते. त्या पत्त्यावर आम्ही रजिस्टर टपालाने पत्र धाडले. बारा दिवसांनी ते ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आले. कन्येने आयएसआय चिन्हाबरोबरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून पाहिला, तर तसा परवानाच सापडेना. चिन्ह होते, पण त्यामागे कोणी नव्हते. एवंच, पेझलीच्या त्या बाईला दुकानदार सोडून उत्पादकाकडे जावे लागले, आणि आम्हांला उत्पादक सोडून दुकानदाराकडे. न फोडता जपून ठेवलेले ते परत आलेले पाकीट आमच्या कागदपत्रांतील सर्वांत मौल्यवान कागद ठरले.

आम्ही शेठजींना पुन्हा भेटलो आणि हे सर्व, भांडणाचा सूर न लावता, सांगितले. ते म्हणाले की, माल एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतला, त्याने आता दुकानच बंद केले आहे. म्हणजे फसवले गेले होते तेही. पण आम्ही आमचे दुःख त्यांच्याकडे नेले, तसे त्यांनी आपले पुढे न्यायचे. साखळीतील प्रत्येक कडीला मागच्या कडीचा हात धरता येतो. आम्हांला मात्र त्यांचाच हात ठाऊक होता. मग आम्ही रीतसर पत्र दिले, पंधरा दिवसांची मुदत घातली. अशी नोटीस आधी द्यावीच, असे कायद्याचे बंधन नाही. पण ती दिली म्हणजे आपण एकदम अंगावर धावून गेलो नाही, हे कागदावर राहते. उत्तर आले नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही गाऱ्हाणे नोंदवले. तेथून दुकानाकडे विचारणा झाली, पण गीझर बदलून देण्यापलीकडे गाडी सरकली नाही.

मे २०२४ मध्ये आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. या कामाची लोकांना वाटते तेवढी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. नुकसानीला कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तो करता येतो. वकील असलाच पाहिजे असे नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच पडत नाही. हे सर्व मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोजलेल्या किमतीवर ठरते, हे ध्यानी ठेवावे. आम्ही अर्ज केला तो २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-दाखिल या संकेतस्थळावरून. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती नावाची नवी व्यवस्था आली आहे. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. प्रकरण तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढावे, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात देशभर तारखा लांबतात, हे सर्वश्रुत आहे. आमच्या बाबतीत त्या मेकॅनिकच्या चिठ्ठीमुळे तपासणीचा फेरा टळला. तरीही तीच हकीकत आम्ही हेल्पलाइनवर, अर्जात, प्रतिज्ञापत्रात आणि तोंडी, अशी इतक्यांदा सांगितली की, तक्रार या शब्दाचा अरबी अर्थ आम्हांस पुरता उमगला.

खरी कठीण गोष्ट निराळीच होती. अर्जात रक्कम लिहायची होती. छत, फळ्या आणि गिलावा ३८,००० रुपये, वायरिंग ९,५००, पेटीची दुरुस्ती ७,५००, कपाट ६,०००, गीझर ६,८००. एकूण ६७,८००. या प्रत्येकाची पावती होती. पण वह्या? त्यांची पावती कोठून आणायची? अप्पांनी त्या कोणाकडून विकत घेतल्या नव्हत्या आणि कोणाला विकणार नव्हते. कोऱ्या वहीची किंमत लावावी तर ती शे-दीडशे रुपये. आत लिहिलेल्याची लावावी, तर चार वह्यांतल्या निदान काही बंदिशी छापील पुस्तकांतून मिळतीलच, असा उलट सवाल येणार, आणि तो खराही होता. छापील पुस्तकांत नव्हते ते अप्पांचे अक्षर, आणि समासात केलेल्या नोंदी : ही चीज कोणाकडून, कोणत्या पावसाळ्यात घेतली, कोणत्या विद्यार्थ्याला बसली नाही. नानाकाका म्हणाले, “त्याची किंमत लावू नकोस. लावलीस की विकल्यासारखे होईल.” सौ. म्हणाल्या, “नाही लावली, तर ते गेलेच नाही असे होईल.” दोघांचेही खरे होते. आम्ही मनस्तापापोटी पंधरा हजार लिहिले आणि खाली, मागणीशी संबंध नसताना, वह्यांचे वर्णन दोन ओळींत केले. निदान सरकारी कागदावर त्यांची नोंद व्हावी, एवढाच हेतू.

नव्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे. तडजोडीची शक्यता दिसली आणि दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली, तर आयोग प्रकरण मध्यस्थाकडे सोपवतो. शेठजींनी संमती दिली, आम्हीही दिली. मध्यस्थाच्या खोलीत मेज गोल होते, कोणी उंच बसलेले नव्हते. शेठजी आमच्याशी प्रथम गुजरातीत बोलले, मग मराठीत, आणि त्यांच्या मराठीत आम्हांला तीस वर्षांची ओळख ऐकू आली. मध्यस्थबाईंनी एक न्याय्य मुद्दा काढला. चुन्याचे छत साठ वर्षांचे, त्याच्या जागी नवे बांधले, म्हणजे जुन्याच्या मोबदल्यात नवे मिळाले. तेव्हा त्या ३८,००० तून १२,००० कमी करावेत. आम्हांला ते पटले. हानी भरून द्यायची, घर नवे करून द्यायचे नाही. राहिले ५५,८००. त्यावर मनस्तापाचा विषय निघाला. शेठजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “भाऊ, पुरे साठ हजार लिहा.”

म्हणजे हिशेबाने अप्पांच्या चार वह्यांचे, आमच्या खेटे घालण्याचे आणि आईच्या त्या पहाटेचे मिळून ४,२०० रुपये झाले. आम्ही घरी येऊन वजाबाकी केली तेव्हा हे ध्यानात आले. वाईट वाटले, हे नाकारीत नाही. पण विचार करता असे वाटते की, भरपाई या शब्दाचा अर्थ भरून काढणे असा असला, तरी जे भरून निघण्याजोगे आहे तेवढेच ती भरते. उरते ते कायद्याच्या कक्षेबाहेरचे, ते आपले आपणच वागवायचे असते. कायद्याने आमच्या वह्या आणल्या नाहीत. पण वह्या गेल्या, आणि त्या कोणाच्या तरी हयगयीने गेल्या, एवढे त्याने मान्य केले. ‘नशिबाने गेल्या’ आणि ‘हयगयीने गेल्या’ या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्या वाक्याने मनुष्य लाचार होतो, दुसऱ्याने नागरिक.

रक्कम दोन हप्त्यांत आली, दोन्ही वेळेवर. २०२४ च्या दिवाळीत, प्रकरण चालू असताना, शेठजींकडून दरवर्षी येणारा मिठाईचा पुडा आला नाही. २०२५ च्या दिवाळीत आला. मधल्या वर्षाविषयी दोन्ही बाजूंनी कोणी चकार शब्द काढला नाही, आणि गल्लीत आमच्याशी बोलणेही कोणी सोडले नाही. उलट दोघातिघांनी गुपचूप येऊन अर्ज कसा करायचा ते विचारून घेतले. नानाकाकांनी त्यांतील एकाला आमच्या आधी सर्व माहिती पुरवली.

वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला, तर त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. वस्तू फेकू नये, आणि दुरुस्त करून घेण्याआधी तिची स्थिती टिपून ठेवावी. बिल, हमीपत्र, खोक्यावरील नाव-पत्ता, मेकॅनिकची चिठ्ठी, परत आलेले पाकीट, यांतला एकही कागद क्षुल्लक नसतो. दुरुस्तीच्या पावत्या घ्याव्यात आणि मागणी पावत्यांना धरून करावी. फुगवलेली मागणी खऱ्या मागणीलाही संशयित करते. दोन वर्षांची मुदत डोळ्यांआड होऊ देऊ नये. आणि दुकानदार म्हणाला, की ‘आम्ही फक्त विकणारे’, तर त्याला नम्रपणे विचारावे : मग बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता द्या. तो पत्ता खरा निघाला तर आपली वाट तिकडची. न निघाला, तर कायद्याने तुमचे पाऊल त्याच्याच दारात थांबवले आहे. त्या दारात उभे राहून शांतपणे बोलता येते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. आवाज चढवण्याची गरज असते ती ज्याच्या हातात कागद नसतो त्याला.